देवीपुढचा शिंदीचा लोटा: चालू ठेवायचा की थांबवायचा?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. घरातलाच प्रश्न आहे, पण गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथं मांडतो.

आम्ही पद्मशाली. पणजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला सोलापूरला आले, तेव्हापासून पूर्व भागातच आहोत. आखाडात एका रविवारी घरातून पोचम्माला बोनम जातो. नव्या मडक्याला हळद-कुंकू, गळ्याभोवती कडुलिंबाचा पाला, आत दूध-गुळाचा भात, झाकणावर दिवा. हे सगळं झालं की शेवटी अव्वा (माझी आजी) पितळी लोट्यातनं कल्लू, म्हणजे शिंदी, देवीपुढं धरायची. एकदम ओतायची नाही. करंगळीएवढी बारीक धार, डावीकडून उजवीकडे, जमिनीवर अर्धगोल काढल्यासारखी. तापलेल्या फरशीवर ती पडली की आंबूस वास यायचा. मला आजही आखाड म्हटलं की तोच वास आठवतो. तळाला उरलेलं पानाच्या द्रोणातनं घरातल्या मोठ्यांना एकेक घोट. आधी म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना. बायकाही घ्यायच्या. लोटा रिकामा झाला की विषय संपला.

अव्वा मागच्या वर्षी गेली, नव्वदीची होती. आता लोटा अम्माच्या हातात आला आहे. आणि माझी वहिनी म्हणते, यंदा घरात दारू येणार नाही, देवीच्या नावानंही नाही. तिचे वडील दारूनं गेले. ती आवाज चढवून बोलली नाही, नुसतं म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. माझा पुतण्या चौदा वर्षांचा आहे. तो सगळं ऐकत होता.

दादाचं म्हणणं, पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आपण कोण मोडणार? अम्मा गप्प आहे. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळंच झोप लागत नाही. कुणाच्या घरात असं काही बंद केलं आहे का? आणि देवाधर्मात दारू आली कुठून, ती असायला हवी का, यावरही जाणकारांनी लिहावं.

चटणीभाकरी

नारळपाणी वाहा. देवी भावाची भुकेली. इतकं मनाला लावून घेऊ नका.

होटगीरोड

चटणीभाकरी, नारळपाणीच वाहायचं असतं तर अव्वांना ते माहीत नव्हतं का? शिंदी हा झाडाचा रस. ज्या गावात शिंदीची झाडं होती तिथल्या लोकांनी गावात जे होतं ते देवीला दिलं. कोकणात नारळ दिला. देवाला आपल्या ताटातलं द्यायचं असतं.

पाठशाळा

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. आपल्याकडे सोम आणि सुरा यांची नेहमी गल्लत होते. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाचं आहे. सोम ही वनस्पती. ती कुटायची, रस लोकरीच्या गाळणीतून गाळायचा, दूध-दही घालून त्याच दिवशी अर्पण करायचा. आंबायला त्याला वेळच मिळत नाही. सुरा वेगळी, ती धान्य आंबवून केलेली. आणि ऋग्वेदातच, सातव्या मंडलात, वसिष्ठ वरुणाची क्षमा मागताना म्हणतो की अपराध माझ्या इच्छेनं झाला नाही, सुरा, क्रोध आणि फासे यांनी घडवला. म्हणजे सगळ्यात जुन्या ग्रंथातच सुरा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

तरीही ती यज्ञातून हद्दपार झाली नाही. सौत्रामणी नावाच्या यागात अश्विनीकुमार, सरस्वती आणि इंद्र यांना सुरेचे पेले दिले जातात. कथा अशी, की इंद्रानं सोम अति प्यायला आणि तो आजारी पडला, त्याला बरं करण्यासाठी हा याग. ज्याला सोम पचला नाही त्यानंही तो करायचा. वाजपेयातही सोमाच्या सतरा पेल्यांबरोबर सुरेचे सतरा पेले असतात.

देवीच्या बाबतीत तर सप्तशतीत सरळ प्रसंग आहे. महिषासुराला ती म्हणते, मूर्खा, मी मधु पिते आहे तोवर गर्जून घे. आणि पिऊन झाल्यावर त्याला मारते. नवरात्रात हा पाठ घरोघर होतो. दुसऱ्या बाजूला मनुस्मृतीत सुरापान महापातक आहे. तेव्हा 'शास्त्र काय सांगतं' असं विचारून तुमचा प्रश्न सुटणार नाही. शास्त्रं दोन्ही सांगतात.

मोहोळचा_नाना

आमच्या रानात बांधावर म्हसोबा हाय. शेंदूर लावलेला धोंडा. ऊस तोडायच्या आधी त्याला नारळ, कोंबडं आन बाटलीचं झाकणभर. झाकणभरच. माझे वडील माळकरी, त्यांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, पण म्हसोबाचं झाकण ते स्वतः ओतायचे आन हात धुवून यायचे. मी एकदा इचारलं, आप्पा, तुमाला चालतं का हे? म्हणाले, त्याचं त्याला, माझं मला.

शिफ्टड्युटी

कामानिमित्त सोलापुरात असलो तरी मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्याकडे राखणदाराला दारू, रोट आणि विडी ठेवतात. गावाची राखण करणारा तो. रात्रभर शिवेवर उभ्या असलेल्या माणसाला आपण जे देऊ तेच त्याला. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. नाना, तुमच्या आप्पांचं वाक्य आवडलं.

हजार_विड्या

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

माझी आई विडी कामगार. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, उजव्या अंगठ्याचं नख पुढून झिजलेलं, कारण विडीचं तोंड त्यानंच दाबायचं. दिवसभरात हजार विड्या वळल्या तरी त्यातल्या काही छाट म्हणून निघायच्या, त्याचे पैसे नाहीत. मजुरीच्या दिवशी वडील कारखान्याच्या कोपऱ्यावर उभे असायचे. आई पदराच्या गाठीत पैसे बांधून दुसऱ्या गल्लीनं यायची. मी तिच्या पुढं चालायचे, कोपऱ्यावरून बघायचे आणि हात हलवून सांगायचे, ये किंवा थांब. सात वर्षांची होते मी. हेच माझं बालपण.

आमच्या घरातसुद्धा देवीला शिंदी होती. वडील म्हणायचे, देवीचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये. वर्षातून एकदाचा प्रसाद मग महिन्याचा झाला, मग रोजचा. देवीनं पाजली असं मी म्हणत नाही. पण देवीचं नाव पुढं असलं की आईला बोलता येत नव्हतं. पूर्वभागकर, तुमच्या वहिनींना बोलता आलं. कृपा करून ते वाया जाऊ देऊ नका.

होटगीरोड

ताई, वर जरा घाईनं लिहिलं मी. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

धायटीचं_फूल

मी वैद्य आहे. एक वेगळी बाजू. दारूच्या नावानं नाक मुरडणाऱ्या कितीतरी घरांत कपाटात दशमूलारिष्ट आणि कुमारी आसव असतं. ही औषधं आंबवूनच होतात. काढा करून आंबवलं तर अरिष्ट, काढ्याशिवाय आंबवलं तर आसव. गूळ किंवा मध घालायचा आणि धायटीची फुलं टाकायची, ती आंबवण्याचं काम सुरू करून देतात. माझे गुरुजी चिनी मातीच्या बरणीला कान लावून ऐकायचे. आत बुडबुड्यांचा आवाज असेपर्यंत झाकण हलवायचं नाही. मग पेटती काडी बरणीच्या तोंडाशी धरायची. विझली तर अजून काम चालू आहे, जळत राहिली तर झालं. यात जे मद्य तयार होतं ते वरून घातलेलं नसतं, आणि त्याचं प्रमाण शंभरात बाराच्या वर जाऊ नये असा नियम आहे. जेवणानंतर दोन चमचे, तितकंच पाणी घालून.

सांगायचा मुद्दा, आपल्या लोकांना आंबवण्याची विद्या नीट माहीत होती आणि मात्राही माहीत होती. मात्रा सुटली की औषध औषध राहत नाही.

जाता जाता: अल्कोहोल हा शब्द मुळात अरबी 'अल-कुहल'वरून आला, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक पूड ते अर्क असा अर्थ सरकत गेला.

विजापूरवेस

धायटीताई, सुरम्याची गोष्ट माझ्या अब्बांना वाचून दाखवली, खूश झाले. आमच्यात दारू हराम, पण सूफी शायरीत साकी, प्याला, मयखाना याशिवाय पान हलत नाही. अब्बा म्हणतात, तिथं प्याला म्हणजे अल्लाहचं प्रेम, आणि ते समजायला प्यावं लागत नाही.

तांड्यावरची

तांड्याचा विषय निघेलच, म्हणून मीच काढते.

मी बंजारा. आमच्यात गोळ खाणो, म्हणजे साखरपुडा, आणि लग्नकार्यात पूर्वी दारूशिवाय बैठक पूर्ण होत नसे. दोन्ही घरचे नायक, कारभारी समोरासमोर बसणार, एकाच पेल्यातून घेणार आणि मग शब्द पक्का. ती माणसं मोहाची काढायची, घरापुरती. पुढं मोह मिळेना, जमीन नाही, पाणी नाही, आणि काळा गूळ नि नवसागराचं रसायन बॅरलमध्ये सडवून विकायचा धंदा सुरू झाला. सोलापूरभोवतीच्या काही तांड्यांचं नावच हातभट्टीशी जोडलं गेलं. शाळेत माझं आडनाव ऐकून पोरं नाकाला हात लावायची. भट्टीवरच्या बाईची अवस्था कुणी बघत नाही. पहाटे तीनला जाळ, डोळे धुरानं लाल, आणि धाड पडली की पळणारी पण तीच.

२०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी मुळेगाव तांड्यापासून 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. एकेक गाव एकेका अधिकाऱ्याकडे दिलं, आणि नुसती धाड न घालता लोकांना दुसरं काम मिळवून द्यायची खटपट केली. माझ्या नात्यातल्या एका बाईनं तेव्हा भट्टी सोडली, आता शिवणकाम करते. सगळ्यांचं जमलं असं नाही. पण 'हे लोक असेच' असं न म्हणता कुणीतरी दाराशी बसून बोललं, हे आम्ही विसरत नाही.

आणि आमचे सेवालाल महाराज दारू पिऊ नका असंच सांगून गेले. त्यांच्या भोगाला गोडच असतं.

मोहोळचा_नाना

ताई, लई चांगलं लिवलं तुमी. मोहाच्या झाडाला आमच्याकडं आता कोण वळखत पण नाय.

चारहुतात्मा

या धाग्यावर सोलापूरचा इतिहास यायलाच हवा. आपल्या शहरात शिंदीच्या झाडांसाठी रक्त सांडलं आहे.

१९३० चा मे महिना. गांधीजींना अटक झाली आणि गिरण्या, बाजार, सगळं शहर पेटून उठलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले. शिंदीवर सरकार कर घेत होतं, म्हणून झाड तोडणं म्हणजे सरकारचं उत्पन्न तोडणं. पोलिसांनी धरपकड केली, गोळीबार झाला. त्या दिवशी तिरंगा हातात घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण गेला. पुढं मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी आपण रोज सिग्नलला थांबतो.

आता यात मला जे महत्त्वाचं वाटतं ते. ब्रिटिशांच्या आधी दारू आपल्याकडे नव्हती असं नाही. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरी, गावात गाळायचा हक्क गेला, ठेके आणि दुकानं आली. पूर्वी सणाला निघणारी वस्तू रोज विकायला बसली, कारण जितकी खपेल तितका महसूल. याच्या उलट कौटिल्याचं अर्थशास्त्र बघा. तिथं सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, कडक नियम आहेत, पण उत्सव आणि यात्रेच्या वेळी चार दिवस सुरेची मोकळीक आहे. चार दिवस! पाचव्या दिवशी पुन्हा नियम.

मला वाटतं अव्वांच्या लोट्याचं तेच होतं. त्याला दिवस ठरलेला, जागा ठरलेली, हात ठरलेला. दुकानाला यातलं काहीच नाही.

हजार_विड्या

चारहुतात्मा, तुमचा इतिहास खरा असेल. पण पूर्वी सगळं मापात होतं, हे कुणी लिहून ठेवलं? पिणाऱ्यांनीच. बैठकीत किती घोट झाले ते पुरुष मोजायचे. घरी आल्यावर काय झालं ते कुणी मोजलं? महाभारतात यादव प्रभासला यात्रेलाच गेले होते ना? सणच होता तो. पिऊन एकमेकांना मारून संपले. मागं बायका राहिल्या.

पाठशाळा

हजार_विड्या, मौसलपर्वाचा दाखला बिनतोड आहे. मी त्यात एकच भर घालतो. आदिपर्वात कचाची राख सुरेत मिसळून दैत्यांनी ती शुक्राचार्यांना पाजली. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणाला सुरापान निषिद्ध ठरवलं. पिऊन पस्तावलेल्या गुरूनं घातलेली बंदी आहे ती.

पहिली_बाकं

ख्रिस्ती म्हणून माझा अनुभव. प्रभुभोजनाला द्राक्षारस असतो, तो येशूच्या रक्ताची खूण. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला हा त्याचा पहिला चमत्कार. पण आमच्या मंडळीत लहानशा पेल्यात न आंबवलेला रस देतात. हे कसं आलं तर १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं द्राक्षाचा रस तापवून तो आंबू न देता टिकवायची युक्ती काढली, तीच मुळी प्रभुभोजनासाठी. दारू सोडलेल्या माणसाला वेदीपाशी पुन्हा घोट घ्यावा लागू नये ही कळकळ त्यामागं होती. कॅथलिक चर्चमध्ये मात्र आंबवलेलाच लागतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हाही धर्मविधीसाठीच्या वाईनला सूट होती.

माझे काका बावीस वर्षं दारूत होते, आता सोडून नऊ वर्षं झाली. दर महिन्याला ते तो पेला दोन्ही हातांनी धरतात. तो रस आंबलेला असता तर ते देवळात पाऊल टाकू शकले नसते. पूर्वभागकर, तुमच्या घरच्या विधीतही आत येता न येणारं कुणी आहे का, एवढं बघा.

मंगळवेढेकर

ज्वारीवाला म्हणून एक वेगळी बोच सांगतो. साधारण २००७ पासून धान्यापासून मद्य काढायला राज्यात प्रोत्साहन दिलं गेलं, तेव्हा ज्वारीचं नाव घेऊन मोठा वाद झाला. आमची मालदांडी, जिची भाकरी देवाच्या नैवेद्याला लागते, ती दारूला घालायची ही कल्पनाच वडिलांना सहन झाली नाही. आणि आमच्या भागात उसाचे कारखाने केवढे. मळीपासून देशी दारूचा स्पिरिट निघतो. धाग्यावर सगळे देवाचं बोलताहेत, मला वाटतं आज खरा देव्हारा तिकडं आहे.

चटणीभाकरी

मंगळवेढेकर, विषय भरकटतोय. उसावर वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो, मला बरंच बोलायचं आहे.

निळापहाट

भरकटलेला विषय परत आणतो. पूर्वभागकरांनी विचारलं होतं, कुणी बंद केलं आहे का. आम्ही केलं. माझे आजोबा पोतराज होते. मरीआईचा गाडा, अंगावर आसूड, जत्रेत दारू, रेडा. मान म्हणून आमच्या लोकांना जे मिळायचं त्यात दारू पहिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत 'मी दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शीलही तेच. आजोबांनी गावी येऊन केस कापले, आसूड विहिरीत टाकला. गावातले लोक म्हणाले, मरीआई कोपेल, साथ येईल. आली नाही. माझे वडील शाळेत गेले.

'पिढ्यान्पिढ्याचं मोडणार कोण' असं तुमचे दादा म्हणतात. त्यांना सांगा, आम्ही मोडलं आणि त्यातूनच उभे राहिलो. मान म्हणून हातात दारू कुणाच्या देतात आणि पेढा कुणाच्या, हेही बघत चला.

बाळीवेस

निळापहाट, तुमच्या आजोबांना नमस्कार.

आमच्याकडची एक आठवण. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळात हेंडद मारय्या नावाचे शरण, म्हणजे शिवभक्त, होऊन गेले. हेंड म्हणजे ताडी-शिंदी. ताडी विकणारा माणूस अनुभव मंटपाच्या, म्हणजे बसवण्णांच्या धर्मसभेच्या, मंडळींत बसला, त्यानं वचनं रचली, आणि ताडीच्याच भाषेत भक्तीचं सांगितलं. त्याचा धंदा बघून कुणी त्याला दाराबाहेर ठेवलं नाही. त्याच शरणांच्या परंपरेतले आपले सिद्धरामेश्वर. गड्ड्याला, म्हणजे त्यांच्या जत्रेला, नंदीध्वज धरणारी माणसं आधीपासून सराव करतात. आमच्या घरात ज्याच्या खांद्याला ध्वज लागणार तो त्या दिवसांत दारूच्या आसपास फिरकत नाही. अक्षता पडेपर्यंत तोल जाऊन चालत नाही, शरीराचाही नाही.

नकाशावाचक

मी थोडं जगाचं सांगतो. चीनमधल्या जियाहू इथं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवल्याचे अंश सापडले. सुमेरमध्ये निन्कासी ही बिअरची देवी. तिचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर आहे आणि स्तुती करता करता ते बिअर कशी करायची तेच सांगतं. ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या रात्री चार पेले, प्रत्येकाची वेळ ठरलेली. जपानी पारंपरिक लग्नात वधूवर तीन वाट्यांतून तीन-तीन घोट साके घेतात. आणि रोमनांनी इसवीसनपूर्व १८६ मध्ये बॅकसचे उत्सव हाताबाहेर गेले म्हणून त्यांच्यावर कडक निर्बंध घातले. जिथं जिथं विधीत दारू आहे तिथं आकडा आहे: तीन, चार, सतरा.

हजार_विड्या

आकडा देवळात असतो. घरी कुणी आकडा लावत नाही. पण पहिली_बाकं यांनी काकांचं सांगितलं ते माझ्या मनात बसलं.

होटगीरोड

पूर्वभागकर, धागा सुरू करून गायब झालात. आखाड संपत आला. काय ठरलं?

धायटीचं_फूल

आणि शिंदीच आणणार असाल तर एक सावधगिरी. झाडाची ताजी शिंदी आता क्वचित मिळते. दुकानातल्या ताडी-शिंदीत क्लोरल हायड्रेट मिसळायचे प्रकार आपल्या भागात वारंवार उघड झाले आहेत. ते झोपेचं रसायन आहे, जिवावर बेततं. अव्वांच्या लोट्यात होतं ते आणि हे एक नाही.

पूर्वभागकर

मंडळी, उशीर झाला. तुमचं सगळं अम्माला वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत, दोन रात्री लागल्या. हजार_विड्या यांची पोस्ट वहिनीनं स्वतः वाचली आणि फोन माझ्या हातात परत देताना म्हणाली, "ही बाई कुठं राहते?"

ठरलं ते असं. आजोबांची धाकटी बहीण आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, आम्ही चिन्नव्वा म्हणतो. दादा तिच्याकडे गेला, आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नशाबंदीत काय केलं होतं, माहीत आहे का तुला?"

१९५० साली एप्रिलमध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली तेव्हा चिन्नव्वा दहा वर्षांची. शिंदी काढणं बंद, विकणं बंद. चोरून मिळायची, पण आमच्या पणजीला पोलिसाची भीती, आणि त्याहून देवीपुढं चोरीचं नेण्याची भीती. मग तिनं गुळाचं पाणी केलं, त्यात हळद आणि कडुलिंबाचा पाला, आणि तेच त्याच लोट्यातनं धरलं. साठच्या दशकात कायदा सैल होईपर्यंत दर आखाडात असंच. अव्वा लग्न होऊन घरात आली ती याच वर्षांत. म्हणजे तिनं सासूकडून पहिल्यांदा हातात घेतला तो लोटा गुळाच्या पाण्याचा होता. शिंदी नंतर परत आली. आम्ही पोरांनी नंतरचंच पाहिलं आणि तेच पिढ्यान्पिढ्याचं समजलो.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग मला कुणी सांगितलं का नाही?" चिन्नव्वा म्हणाली, "तू विचारलं का?"

काल रविवारी बोनम नेला. अम्मानं धार धरली. तिचा हात अव्वासारखा स्थिर नाही, अर्धगोल वाकडा आला. वास आंबूस नव्हता, गूळ आणि कडुलिंबाचा होता, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं. अजून होतंय. दरवर्षी वहिनी बोनमच्या वेळी मागं, देवळाच्या पायरीपाशी थांबायची. मी समजायचो की चपला सांभाळायला. काल ती पुढं आली आणि मडकं तिनं डोक्यावर घेतलं. द्रोणातला घोट पुतण्यालाही मिळाला, पहिल्यांदाच. तोंड वाकडं केलं त्यानं, कडू लागलं.

हजार_विड्या

दत्त नगरजवळ राहते. वहिनींना सांगा, कधीही या.

निळापहाट

चिन्नव्वांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवा. खरंच सांगतो, आजच करा.

मोहोळचा_नाना

गूळ किती आन पाणी किती? आमचा म्हसोबा बी बगतो घेतोय का.

पूर्वभागकर

नाना, चिन्नव्वाला विचारलं. लोटाभर पाण्याला लिंबाएवढा गुळाचा खडा, चिमूटभर हळद, पाला मूठभर. पाला आदल्या रात्री टाकायचा नाही, फार कडू उतरतो. सकाळी टाकायचा आणि निघताना काढायचा.

तांड्यावरची

गूळ पिवळा घ्या नाना, काळा नको.